एकाच फोल्डरमध्ये लाखो फाइली: लिनक्स सर्व्हर का अडखळतो आणि काय करायचं

ग्राहकांनी चढवलेले फोटो, बिलांच्या पीडीएफ, पीएचपीच्या सेशन फाइली, मेल सर्व्हरची रांग. यांचं फोल्डर कुणी मुद्दाम मोठं करत नाही, ते आपोआप वाढतं. मग रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत रेंगाळतो, एफटीपीने फोल्डर उघडलं की टाइमआउट होतो, टर्मिनलवर एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मारलं की पडदा कोराच राहतो. पहिला संशय डिस्कवर जातो आणि नवी एसएसडी बसवली जाते. वेग थोडा सुधारतो, पण मूळ दुखणं तसंच राहतं.

नाव माहीत असलेली एक फाइल उघडणं आजच्या फाइल सिस्टिमला (डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेला) जड जात नाही, मग फोल्डरमध्ये शंभर फाइली असोत की पन्नास लाख. जड जाते ती यादी. त्यामुळे दोनच कामं करायची आहेत: पूर्ण यादी कोण मागतंय ते शोधून त्याला थांबवायचं, आणि मग फोल्डर फोडायचं. क्रमही हाच ठेवा, कारण पहिलं काम तासाभरात होतं आणि दुसऱ्याला काही दिवस लागतात.

एक्स्ट४ आणि एक्सएफएस या लिनक्सच्या दोन फाइल सिस्टिम. पुढचं विवेचन मुख्यतः एक्स्ट४ धरून केलं आहे, एक्सएफएसमध्ये फरक असेल तिथे तो सांगितला आहे. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा. मोठं अक्षर लागतं तिथे ‘कॅपिटल’ असं म्हटलं आहे.

आत काय घडतं

एक्स्ट४मध्ये फोल्डर म्हणजेही एक फाइलच. तिच्यात एकामागोमाग एक नोंदी असतात. प्रत्येक नोंदीत इनोड क्रमांक, नोंदीची लांबी, नावाची लांबी, फाइलचा प्रकार आणि नाव, एवढंच असतं. फाइलचा आकार, तारीख, मालक, परवानग्या या गोष्टी तिथे नसतात, त्या इनोडमध्ये, म्हणजे त्या फाइलच्या माहितीपत्रकात, असतात आणि इनोड डिस्कवर दुसरीकडे असतो. सगळा घोळ इथून सुरू होतो.

एका नोंदीला ८ बाइट आणि त्यावर नावाची लांबी, चारच्या पटीत वर ओढलेली. नाव ३२ अक्षरांचं असेल (एमडी५ हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची खूण, असते तेवढं) तर नोंद ४० बाइटची होते. ४०९६ बाइटच्या ब्लॉकमध्ये अशा साधारण शंभर नोंदी मावतात. ब्लॉक भरला की तो दोन अर्ध्या भरलेल्या ब्लॉकांत फुटतो, त्यामुळे सगळे ब्लॉक कधीच ठासून भरलेले नसतात. १० लाख फाइलींचं फोल्डर म्हणूनच निव्वळ नावांसाठी ५० ते ६० एमबी जागा घेतं.

नावावरून फाइल शोधायला एक्स्ट४कडे एचट्री नावाची अनुक्रमणिका आहे. फाइल सिस्टिमच्या वैशिष्ट्यांत ती ‘डीआयआर_इंडेक्स’ या नावाने दिसते. नावाचा हॅश काढायचा, अनुक्रमणिकेतून थेट योग्य ब्लॉक गाठायचा, तेवढाच ब्लॉक चाळायचा. दोन-तीन ब्लॉक वाचून काम होतं.

आता २० लाख फाइलींच्या फोल्डरवर एलएस -एल दिल्यावर काय होतं ते पाहा. शंभरेक एमबी नावं वाचली जातात आणि सगळी मेमरीत धरली जातात. सोबत प्रत्येक नावासाठी इनोडही वाचला जातो, कारण आकार आणि तारीख दाखवायची असते. एक्स्ट४ नावं हॅशच्या क्रमाने देतो, इनोड मात्र बहुतांशी फाइली बनल्या त्या क्रमाने पडलेले असतात. इनोड २५६ बाइटचा असतो, म्हणजे एका ब्लॉकमध्ये १६. ओळीने वाचले असते तर एका वाचनात सोळांचं काम झालं असतं. हॅशच्या क्रमाने वाचताना डिस्कचं हेड इकडून तिकडे उड्या मारत राहतं. फिरती हार्ड डिस्क सेकंदाला अशी शंभर-दीडशे विखुरलेली वाचनं करते. कॅशेची (मेमरीत आधीच ठेवलेल्या प्रतीची) मदत मिळालीच नाही तर २० लाख वाचनांना चार-पाच तास लागू शकतात. एसएसडीवर हाच वेळ मिनिटांवर येतो, म्हणून ती घेतल्यावर बरं वाटतं. एवढं झाल्यावर एलएस नावं क्रमाने लावतं, आणि मगच पहिली ओळ पडद्यावर येते.

याचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. वाचलेला प्रत्येक इनोड कर्नल (लिनक्सचा गाभा) मेमरीत ठेवतो आणि एक्स्ट४चा एक इनोड तिथे साधारण १ केबी जागा घेतो. २० लाख इनोड म्हणजे २ जीबी. त्या भरात डेटाबेसच्या फाइलींची कॅशे बाहेर ढकलली जाते. ‘बॅकअप चालू असताना साइट मंद होते, पण सीपीयू तर मोकळा दिसतो’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. स्लॅबटॉप ही कर्नलची मेमरी दाखवणारी कमांड चालवून ‘एक्स्ट४_इनोड_कॅशे’ आणि ‘डेंट्री’ या दोन ओळी पाहा.

दुसरा अडथळा कुलपाचा. फाइल बनवणं, पुसणं, नाव बदलणं यांसाठी कर्नल त्या फोल्डरला कुलूप लावतो. एका वेळी एकच. चाळीस वर्कर एकाच फोल्डरमध्ये फाइली लिहीत असतील तर त्या पायरीवर ते एकामागे एक रांगेत उभे राहतात. डिस्क कितीही वेगवान घ्या, ही रांग हटत नाही.

आधी मोजून घ्या

कोणतं फोल्डर फुगलंय ते माहीत नसेल तर फाइली मोजत बसू नका, फोल्डरचा स्वतःचा आकार पाहा. फाइंड / -एक्सडेव्ह -टाइप डी -साइझ +१०एम, यात एम कॅपिटल. १० एमबीपेक्षा मोठी सगळी फोल्डर्स समोर येतात. एका ठरावीक फोल्डरसाठी एलएस -एलडी आणि फोल्डरचं नाव द्या. तिथे ४०९६ ऐवजी आठ आकडी संख्या दिसली तर चोर सापडला.

नेमकी संख्या हवीच असेल तर फोल्डरमध्ये जाऊन फाइंड . -मॅक्सडेप्थ १ -टाइप एफ आणि पुढे पाइप करून डब्ल्यूसी -एल. नोंदीत फाइलचा प्रकार असतो, त्यामुळे इनोड न वाचताच हे जमतं.

पुढे यादी मागणारा शोधायचा. संशयित प्रोसेसवर एसट्रेस -एफ -पी आणि तिचा क्रमांक अशी कमांड द्या आणि आउटपुटमध्ये ‘गेटडेंट्स६४’ या कॉलचा पाऊस पडतोय का ते पाहा. फोल्डर वाचण्याचा कॉल तोच. त्याच्या जोडीने ‘स्टॅट’ कुळातले कॉल येत असतील तर इनोडही वाचले जातायत. एलएसओएफला +कॅपिटल डी हा पर्याय देऊ नका, तो स्वतःच सगळं फोल्डर पालथं घालतो.

नेहमी सापडणारे मागणारे असे: बॅकअपसाठी फाइली कॉपी करणारं आरसिंक, अँटिव्हायरस, लोकेटसाठी यादी बनवणारं अपडेटडीबी, ‘जुन्या फाइली साफ करा’ अशी कुणीतरी कधीकाळी लिहिलेली क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) स्क्रिप्ट, आणि अॅप्लिकेशनमधलं नमुन्याशी जुळणारी नावं शोधणारं ग्लॉब फंक्शन.

पीएचपीचं उदाहरण थोडं तपशिलात पाहण्यासारखं आहे. सेशन फाइलींत पाहुण्याच्या भेटीची माहिती असते. त्यांची सफाई पीएचपी स्वतः करतं, तेही एखाद्या पाहुण्याची विनंती चालू असताना. मूळ सेटिंगप्रमाणे जीसी_प्रोबॅबिलिटी १ आणि जीसी_डिव्हायझर १००, म्हणजे सरासरी शंभरातली एक विनंती संपूर्ण सेशन फोल्डर वाचून प्रत्येक फाइलची तारीख तपासते. फोल्डरमध्ये १० लाख फाइली असतील तर त्या पाहुण्याचं पान लटकतं, बाकीच्यांचं झटकन उघडतं, आणि कारण काही केल्या सापडत नाही. उपाय: प्रोबॅबिलिटी ० करा आणि सफाई वेगळ्या टायमरवर टाका. डेबियन हेच करतं. गर्दीच्या साइटवर सेशन रेडिस या मेमरीतल्या डेटाबेसमध्ये नेणं मला अधिक योग्य वाटतं.

आग लागली असताना

यादी पाहायचीच असेल तर \एलएस -१यू, यात यू कॅपिटल. सुरुवातीच्या उलट्या तिरक्या रेघेमुळे एलएसला जोडलेलं रंगांचं टोपणनाव बाजूला पडतं, म्हणजे रंगासाठी इनोड वाचले जात नाहीत. यू मुळे क्रम लावणं थांबतं आणि नावं वाचली जातील तशी लगेच बाहेर पडतात. पुढे पाइप करून हेड द्या. अशा फोल्डरमध्ये टॅब दाबून नाव पूर्ण करायला जाऊ नका, शेल अडकून बसतो.

तारांकन वापरून फाइली पुसायला गेलात तर ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ हा संदेश मिळेल. तारांकनाची सगळी नावं शेल स्वतः उलगडून कमांडला देतो, आणि या नावांना कर्नलची मर्यादा स्टॅकच्या मर्यादेच्या एक चतुर्थांश असते. स्टॅक सहसा ८ एमबी, म्हणून २ एमबी. ३२ अक्षरी नावं पन्नास हजारांच्या आसपास गेली की ती संपते. स्टॅक वाढवण्याच्या फंदात न पडता फाइंड वापरा.

जुन्या फाइली पुसण्यासाठी: फाइंड, फोल्डरचा पूर्ण मार्ग, -टाइप एफ -एमटाइम +३० -डिलीट. ‘-डिलीट’ सगळ्यात शेवटीच हवं. फाइंड अटी डावीकडून उजवीकडे तपासतं, त्यामुळे ते आधी आलं तर तारीख न पाहताच सगळं पुसलं जातं. पहिल्यांदा त्या जागी ‘-प्रिंट’ लिहून हेडने पन्नास ओळी डोळ्यांखालून घाला. शिवाय +३० म्हणजे ३० पूर्ण दिवसांपेक्षा जास्त, म्हणून प्रत्यक्षात ३१ दिवस उलटलेल्याच फाइली जातात.

फोल्डरमधलं सगळंच टाकाऊ असेल, उदाहरणार्थ कॅशे, तर ते आहे तिथे पुसत बसू नका:

१. शेजारी नवं रिकामं फोल्डर बनवा. मालक, गट, परवानग्या, एसइलिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षाव्यवस्था) असेल तर त्याचं लेबल, सगळं जुन्यासारखं. सेशन फोल्डरवरचा स्टिकी बिट (दुसऱ्याची फाइल पुसू न देणारी खूण) हमखास विसरला जातो, डेबियनवर तिथे १७३३ परवानगी असते.
२. एमव्हीने जुन्याला वेगळं नाव द्या आणि लगेच नव्याला जुन्याचं नाव द्या. दोन्ही एकाच कमांडच्या ओळीत लिहा, म्हणजे मधली फट क्षणाचीच राहते.
३. जुनं फोल्डर धरून बसलेल्या प्रोसेस रीस्टार्ट करा, नाहीतर त्या तिथेच लिहीत राहतील.
४. जुनं फोल्डर सवडीने आरएम -आरएफने पुसा, पुढे नाइस आणि आयओनाइस -सी३ लावून. आयओनाइसचा हा वर्ग प्रत्येक आयओ शेड्यूलर (डिस्कच्या कामांचा क्रम ठरवणारा) जुमानत नाही, बीएफक्यू जुमानतो. तो नसेल तर फाइंडने यादी काढून दहा-दहा हजारांच्या तुकड्यांत पुसा आणि मध्ये काही सेकंद थांबा.

साफसफाईनंतर एक गोष्ट चकवते. एक्स्ट४मध्ये फाइली गेल्या तरी फोल्डर आकसत नाही. ५० लाख फाइली पुसल्यावर उरलेल्या दहा फाइलींचं फोल्डरही शेकडो एमबीचंच राहतं आणि त्याची यादी काढायला तेवढेच ब्लॉक वाचावे लागतात. उरलेल्या फाइली नव्या फोल्डरमध्ये हलवून जुनं काढून टाकणं हा सोपा मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे पार्टिशन अनमाउंट करून ई२एफएससीके -एफ आणि कॅपिटल डी. यातला एफ लहान. एक्सएफएस रिकामे झालेले ब्लॉक परत देतो, तिथे ही अडचण नाही.

‘जागा नाही’ याचे तीन अर्थ

‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ वाचून सगळे मोकळी जागा दाखवणारी डीएफ कमांड चालवतात, आणि तिथे ४० टक्के जागा मोकळी दिसली की गोंधळतात.

पहिला अर्थ सरळ, ब्लॉक संपले. दुसरा, इनोड संपले. तो डीएफ -आय मध्ये दिसतो. एक्स्ट४ फॉरमॅट करतानाच इनोड ठरवून टाकतो, सहसा दर १६,३८४ बाइटला एक. १०० जीबीच्या पार्टिशनवर म्हणजे सुमारे ६५ लाख. सरासरी २ केबीच्या फाइली असतील तर निम्मी जागाही न भरता इनोड संपतात. नंतर हा हिशेब बदलता येत नाही, पार्टिशन वाढवलं तरच नवे इनोड मिळतात. लहान फाइलींसाठी पार्टिशन बनवताना एमकेएफएसला -आय ४०९६ द्या, किंवा एक्सएफएस घ्या, कारण तो इनोड लागतील तसे बनवतो.

तिसरा अर्थ, एचट्री भरली. डीएमएसजीमध्ये (कर्नलच्या संदेशांत) ‘इंडेक्स फुल’ असा इशारा दिसतो. एचट्रीला मूळ रचनेत दोनच पातळ्या असतात. मर्यादा साधारण एक कोटीच्या आसपास येते, नावं लांब असतील तर त्याच्या बरीच आधी. त्रासदायक भाग असा की फोल्डर सगळ्या नावांसाठी एकदम बंद होत नाही. ज्या नावाचा हॅश भरलेल्या फांदीवर पडतो तेवढंच नाकारलं जातं, बाकीची नावं बनत राहतात. ४.१३ कर्नलपासून ‘लार्ज_डीआयआर’ हे वैशिष्ट्य आहे, ते ट्यून२एफएस -कॅपिटल ओ ने चालू करता येतं. मात्र ट्यून२एफएसने ते परत बंद होत नाही. एका रात्रीची वेळ मारून न्यायला ते ठीक आहे, पण इथवर गाडी आली असेल तर फोल्डर फोडायलाच हवं.

फोल्डर कसं फोडायचं

फाइलींना मुदत असेल (लॉग, अहवाल, तात्पुरत्या निर्यात फाइली) तर वर्ष/महिना/दिवस अशी रचना करा. जुनं काढायचं म्हणजे एका दिवसाचं फोल्डर उडवायचं, तारीख तपासायला २० लाख इनोड वाचावे लागत नाहीत. बॅकअपलाही फक्त कालचं आणि आजचं फोल्डर दाखवता येतं.

फाइलला आकडी क्रमांक असेल तर क्रमांकाला १००० ने भागून येणारा पूर्णांक हे फोल्डरचं नाव. ७३४८२१ ही फाइल ‘७३४’ मध्ये जाते. प्रत्येक फोल्डरमध्ये जास्तीत जास्त हजार फाइली, आणि एकत्र बनलेल्या फाइली एकत्र राहतात.

दोन्ही नसेल तर हॅश. नावाचा एमडी५ काढा, पहिली दोन अक्षरं घ्या, २५६ फोल्डर्स मिळतात. १० लाख फाइली असतील तर प्रत्येकात सुमारे ३,९००. एक कोटी असतील तर सुमारे ३९,०००, म्हणजे दुसरी पातळी हवी: ६५,५३६ फोल्डर्स, प्रत्येकात दीडशेच्या आसपास. गिट सुट्या ऑब्जेक्टसाठी २५६चीच एक पातळी वापरतं. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या कॅशेमध्ये ‘लेव्हल्स=१:२’ लिहिलं की १६ गुणिले २५६ अशी ४,०९६ फोल्डर्स होतात.

मूळ नावाची पहिली अक्षरं मात्र घेऊ नका. फोनवरून आलेल्या निम्म्या फोटोंची नावं ‘आयएमजी_’ ने सुरू होतात, ते सगळे एकाच फोल्डरमध्ये कोंबले जातील.

उत्साहात तिसरी पातळीही घालू नका. एक्स्ट४वर प्रत्येक फोल्डरला एक इनोड आणि किमान ४ केबीचा ब्लॉक लागतो. दोन पातळ्यांची ६५,५३६ फोल्डर्स २५६ एमबी घेतात, ते चालण्यासारखं आहे. तीन पातळ्यांची १,६७,७७,२१६ फोल्डर्स ६४ जीबी घेतील, आणि वरच्या १०० जीबीच्या पार्टिशनवर त्यांना इनोडही पुरणार नाहीत. एका फोल्डरमध्ये काही हजार फाइली हे सुखाचं प्रमाण. दहा हजारांच्या आत राहील एवढं पाहा, त्याखाली अजून बारीक चिरण्यात फायदा नाही.

चालू साइटवर स्थलांतर

१. स्नॅपशॉट (त्या क्षणाची डिस्कची प्रत) घ्या. एलव्हीएम (लिनक्समधली डिस्कचे विभाग सांभाळणारी व्यवस्था) असेल तर मिनिटाचं काम.
२. सगळी नवी फोल्डर्स आधीच बनवून परवानग्या लावा. अॅप्लिकेशनने ऐनवेळी बनवायची म्हटलं तर चुकीच्या मालकाची फोल्डर्स तयार होतात.
३. कोड बदला: लिहायचं नव्या जागी, वाचताना आधी नवी जागा पाहायची, तिथे नसेल तर जुनी. एनजिनएक्स थेट फाइली देत असेल तर ट्राय_फाइल्समध्ये दोन्ही मार्ग त्याच क्रमाने लिहा.
४. फाइंडने -प्रिंटएफ वापरून इनोड क्रमांक आणि नाव यांची यादी एका फाइलमध्ये काढा आणि सॉर्ट -एन ने इनोडच्या क्रमाने लावा. फिरत्या डिस्कवर या एका पायरीने पुष्कळ वेळ वाचतो.
५. यादीवरून फाइली हलवा. प्रत्येक फाइलसाठी वेगळी एमव्ही चालवली तर लाखो प्रोसेस सुरू होतील. पायथनमधलं ओएस.रीनेम वापरा, दहा हजारांनंतर दोन सेकंद विश्रांती. फाइलच्या मजकुराला हात लागत नाही, फक्त नोंद इकडून तिकडे जाते. नवी जागा दुसऱ्या पार्टिशनवर असेल तर रीनेम सरळ चूक दाखवतं. एमव्ही मात्र गुपचूप पूर्ण फाइल कॉपी करतं, आणि कळतं तेव्हा रात्र गेलेली असते.
६. यादी काढल्यानंतर जुन्या जागी काही आलं असेल म्हणून पायरी ४ आणि ५ पुन्हा करा.
७. जुनं फोल्डर आरएमडीआयआरने काढा, आरएम -आरएफने नको. आत एकही फाइल राहिली असेल तर आरएमडीआयआर नकार देतं.
८. जुनी जागा पाहणारा कोड आठवडाभर ठेवून मग काढा.

भोवतालच्या सेवा

आरसिंक ३ पासून यादी टप्प्याटप्प्याने बनवतं, पण एक फोल्डर त्याला एकाच घासात गिळावं लागतं. फोडलेल्या रचनेवर त्याची मेमरी लगेच उतरते. कोट्यवधी बारीक फाइली असतील तर फाइल-फाइल बॅकअपचा नाद सोडून स्नॅपशॉटवरून ब्लॉक पातळीचा बॅकअप घ्या.

अपडेटडीबीच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘प्रूनपाथ्स’च्या यादीत हे फोल्डर टाका.

लिनक्सवरच्या फाइली विंडोजला देणाऱ्या साम्बाची गोष्ट वेगळी. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक नसतो, म्हणून मागितलेलं नाव जसंच्या तसं सापडलं नाही की साम्बा पूर्ण फोल्डर चाळतं. नवी फाइल बनवताना तर नाव नसणारच, म्हणजे प्रत्येक नव्या फाइलला एक चाळणी. सगळ्या फाइलींची नावं लहान अक्षरांत करून घ्या. मग त्या शेअरवर केस सेन्सिटिव्ह ‘ट्रू’, डिफॉल्ट केस ‘लोअर’, प्रिझर्व्ह केस आणि शॉर्ट प्रिझर्व्ह केस दोन्ही ‘नो’ ठेवा. आधी सेटिंग आणि मग नावं असा उलटा क्रम केलात तर मोठी अक्षरं असलेल्या जुन्या फाइली विंडोजवरून उघडणार नाहीत.

एनएफएसवर (नेटवर्कवरून फोल्डर वाटून वापरण्याची पद्धत) क्लायंट यादीसोबत प्रत्येक फाइलची माहितीही मागवू शकतो. फक्त नावं हवी असतील तर माउंट करताना ‘नोआरडीआयआरप्लस’ द्या. एलएस -एल सारखं काम नेहमी होत असेल तर देऊ नका, कारण मग प्रत्येक फाइलसाठी नेटवर्कवर वेगळी फेरी होईल.